आजीच्या नथीतला मोती अंगठीत बसवावा का?

सांगलीच्या एका निवृत्त शिक्षिकेचे पत्र आले आहे. त्या लिहितात : “माझी मुलगी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. येत्या मार्गशीर्षात तिला तीस वर्षे पूर्ण होतील आणि तिने माझ्याकडे मोत्याची अंगठी मागितली आहे. माझ्या आईची नथ माझ्याजवळ आहे. तिच्यातले मोती बसऱ्याचे आहेत, असे आई सांगत असे. नथीची तार आता खिळखिळी झाली आहे आणि मुलगी नथ घालेल असे वाटत नाही, म्हणून त्यातला सर्वांत मोठा मोती काढून अंगठीत बसवावा असे मनात येते. दरम्यान, एका पेढीवर मला ‘साउथ सी’ म्हणून काही मोती दाखवले, पण ते खरे की खोटे हे मला कळले नाही. शेजारच्या काकू सांगतात की मोती सव्वापाच रत्तीचाच घ्यावा, चांदीतच बसवावा, रिठ्याच्या पाण्याने धुवावा आणि तांदळात ठेवावा. यातले किती ऐकावे? आणि ही अंगठी तिला रोज वापरता येईल का?”

सप्रेम नमस्कार.

आपल्या पहिल्याच प्रश्नाचे उत्तर आधी देते : नथीतला मोती काढू नका. आईची वस्तू लेकीच्या बोटात असावी, ही आपली इच्छा मला पूर्ण समजते आणि तिच्याबद्दल आदरच आहे. पण मोत्याला सर्वांत जास्त सोसावे लागते ते अंगठीत. गळ्यातला मोती कपड्यावर विसावतो, कानातला हवेत झुलतो, नथीतला तर वर्षातून चार दिवस बाहेर येतो. बोटातला मोती मात्र दाराच्या कडीवर आपटतो, पर्सच्या चेनला घासतो, साबणात बुडतो आणि भाजीच्या फोडणीची वाफही सोसतो. ज्या मोत्याच्या जागी दुसरा मिळणार नाही, तो अशा ठिकाणी बसवू नये.

नथीतल्या मोत्याला आणखी एक अडचण आहे, आणि ती कारागिरीची आहे. नथीचे मोती तारेत ओवलेले असतात, म्हणजे त्यांना आरपार वेज, म्हणजे भोक, असतो आणि जुन्या मोत्यांचा हा वेज फार बारीक असतो. अंगठीत मोती बसवायची नेहमीची रीत वेगळी आहे : मोत्याला अर्ध्यापर्यंतच भोक पाडायचे, सोन्याच्या लहानशा वाटीत उभ्या केलेल्या काडीवर तो बसवायचा आणि खास डिंकाने पक्का करायचा. नथीचा मोती असा बसवायचा तर वेज मोठा करावा लागतो. जुन्या मोत्याला त्या वेळी चीर गेली, तर ती पुन्हा भरून येत नाही. शिवाय वरच्या बाजूचे भोक उघडे राहते, ते झाकायला सोन्याची टिकली लावावी लागते आणि इतके करून हाती येतो तो बहुधा चार-पाच मिलिमीटरचा मोती, जो नथीत ठसठशीत दिसत होता पण अंगठीत एकटा पडतो.

बसऱ्याच्या मोत्याविषयी थोडे सांगते, म्हणजे आपल्या हातात काय आहे याची कल्पना येईल. बसरा हे इराकमधले बंदर. पण ‘बसरा मोती’ या नावाखाली आपल्याकडे आले ते बहारीन, कुवेत आणि आखाताच्या सगळ्या किनाऱ्यावर पाणबुड्यांनी काढलेले नैसर्गिक मोती. आखातातले व्यापारी आपला माल मुंबईला आणत, इथे तो निवडला जाई, विंधला जाई आणि इथूनच पुढे युरोपात जाई. मराठी घरांतल्या नथी, तन्मणी, चिंचपेट्या आणि कुड्या यांच्यात हे मोती आले ते मुंबईच्या या बाजारामुळे. 1929 नंतरची जागतिक मंदी आणि जपानचे कल्चर्ड, म्हणजे माणसाने शिंपल्यात मुद्दाम तयार करवलेले, मोती या दोन्हींनी हा व्यापार काही वर्षांतच मोडीत काढला, त्यामुळे जुन्या बसरा मोत्यांचा साठा आता वाढणारा नाही. त्याच काळात कल्चर्ड आणि नकली मोतीही दागिन्यांत शिरले होते, म्हणून आईचे म्हणणे मनात ठेवूनही एकदा खात्री करून घ्यावी. नकली मोत्याच्या वेजाशी भिंगातून पाहिले तर वरचा थर रंगाच्या पापुद्र्यासारखा सुटलेला दिसतो. मोती नैसर्गिक की कल्चर्ड हे मात्र डोळ्यांनी सांगता येत नाही, त्याला रत्नपरीक्षण प्रयोगशाळेतली क्ष-किरण तपासणीच लागते आणि ती सोय मुंबईत आहे.

तेव्हा अंगठीसाठी नवा मोती घ्यावा, आणि तो कल्चर्ड घ्यावा. हा शब्द ऐकून अनेक जणी नाक मुरडतात, जणू कल्चर्ड म्हणजे खोटा. तसे नाही. शिंपल्यात माणसाने बाहेरून काहीतरी ठेवले एवढाच फरक, पुढचे काम शिंपल्यातला जीव स्वतः करतो आणि थरावर थर चढवतो. जपानच्या मिकिमोतो कोकिची यांनी 1893 मध्ये पहिला अर्धगोल कल्चर्ड मोती मिळवला. आपल्या देशात हे तंत्र 1973 मध्ये तुतिकोरिनला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने साध्य केले. आज बाजारात दिसणारे जवळजवळ सगळे खरे मोती कल्चर्डच असतात.

आता पेढीवर दाखवलेल्या त्या ‘साउथ सी’ मोत्यांकडे वळू. खरा साउथ सी मोती ऑस्ट्रेलिया, इंडोनेशिया, फिलिपाइन्स, म्यानमार या भागांतल्या एका मोठ्या शिंपल्यात तयार होतो, सहसा आठ मिलिमीटरहून मोठा असतो आणि महागही असतो. आपल्याकडे मात्र हे नाव फार सैल वापरले जाते. चीनमधल्या गोड्या पाण्याच्या तळ्यांतला मोतीही थोडा मोठा आणि गोल असला की ‘साउथ सी’ म्हणून पुढे येतो. त्याहून वाईट म्हणजे ‘शेल पर्ल’ नावाचा प्रकार. शिंपल्याच्या कवचाचा गोल मणी करून त्यावर चकचकीत लेप दिलेला असतो. नावात शिंपला आहे, पण तो नकली मोतीच होय. दुकानदाराला ‘हा खरा आहे का’ असे विचारू नका, कारण त्याला हो म्हणणे सोपे जाते. ‘खाऱ्या पाण्याचा की गोड्या पाण्याचा, रंग दिलेला आहे का, आणि हे बिलावर लिहून द्याल का’ असे विचारा. शेवटच्या प्रश्नावर जो घुटमळतो, त्याच्याकडून मोती घेऊ नये.

आपण स्वतः करण्यासारखी एक साधी परीक्षा आहे. मोती धुऊन पुसून दाताच्या कडेवर अगदी हलकेच फिरवला, तर खरा मोती किंचित खरखरीत लागतो, आणि काचेचा किंवा प्लास्टिकचा गुळगुळीत घसरतो. दुकानात दात लावणे संकोचाचे वाटत असेल, तर दोन मोती एकमेकांवर हलकेच घासून पाहा, तोच खरखरीतपणा बोटांना जाणवेल. भिंगातून पाहिल्यास खऱ्या मोत्याच्या पृष्ठभागावर बोटांच्या ठशासारख्या सूक्ष्म रेषा दिसतात. लायटरच्या ज्योतीवर मोती धरून दाखवणारे काही विक्रेते असतात. ही परीक्षा कधीही करू देऊ नका, कारण उष्णतेने खरा मोतीही करपतो.

माझे लहानपण सोनाराच्या दुकानात गेले, आणि वडील मोती पाहत ती रीत अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. ते गिऱ्हाइकाला घेऊन दुकानाच्या पायरीवर येत, मोती पालथ्या हाताच्या दोन बोटांमधल्या खोबणीत ठेवत आणि उन्हात नव्हे तर सावलीतल्या उजेडात पाहत. दुकानातल्या पिवळ्या दिव्यांखाली खडूचा गोळादेखील देखणा दिसतो, असे ते म्हणत. उजेडात धरलेल्या मोत्यात समोरच्या दाराची चौकट उमटते. चौकटीची कड रेखीव दिसली तर मोत्याला पाणी आहे, कड पुसट आणि दुधाळ झाली तर पाणी उतरले आहे. हे ‘पाणी’ म्हणजेच मोत्याचा जीव, आणि आकार, गोलाई, रंग हे सगळे त्याच्या मागून येते. सात मिलिमीटरचा पाणीदार मोती नऊ मिलिमीटरच्या निस्तेज मोत्यापेक्षा कितीतरी चांगला, हे मी पैजेवर सांगेन.

अंगठीसाठी सात ते साडेआठ मिलिमीटरचा मोती योग्य. त्याहून मोठा बोटावर उंच बसतो आणि सारखा कुठेतरी आपटतो. आपल्या मुलीसाठी मी गोड्या पाण्याचा चांगला मोती सुचवेन. जपानी अकोया मोत्याची झळाळी अधिक रेखीव असते हे मान्य, पण त्याच्या आत शिंपल्याच्या कवचाचा गोल मणी असतो आणि वरचा मोत्याचा थर साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, हलक्या प्रतीत त्याहूनही पातळ असतो. गोड्या पाण्याच्या नेहमीच्या मोत्यात मणी नसतो, तो जवळजवळ आतपर्यंत मोतीच असतो, म्हणून बोटातली झीज तो अधिक काळ सोसतो. अलीकडे गोड्या पाण्यातही मणी घालून मोठे गोल मोती काढतात, तेव्हा तेही विचारून घ्यावे. पूर्ण गोल मोत्याचा हट्ट नसेल तर बत्ताशासारखा वर फुगीर आणि खाली चपटा मोती पाहा. तो अंगठीत खाली बसतो, कमी आपटतो आणि गोल मोत्यापेक्षा बराच स्वस्त मिळतो. आणखी एक गोष्ट सराफ आपण होऊन सांगतीलच असे नाही : ज्या मोत्याला एकाच बाजूला बारीकसा डाग किंवा खड्डा आहे, तो स्वस्त असतो, आणि अंगठीसाठी मोत्याला भोक पाडायचे ते नेमके त्या डागावरच पाडता येते. मग डाग वाटीत झाकला जातो आणि वर निर्दोष मोती दिसतो. वाटीतली काडी भोकात पुरेशी खोल जाते ना, एवढे सोनाराला विचारून घ्यावे.

आता काकूंच्या सव्वापाच रत्तीचे काय? ग्रहासाठी मोती घालायचा की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा विषय आहे, त्यात मी पडत नाही. पण रत्ती या मापात मोठी गफलत आहे. सोनाराची जुनी रत्ती, म्हणजे तोळ्याचा 96वा भाग, ती सुमारे 0.12 ग्रॅम भरते, तर रत्नांच्या बाजारात पुष्कळ ठिकाणी पक्की रत्ती धरतात ती सुमारे 0.18 ग्रॅमची. पहिल्या मापाने सव्वापाच रत्तीचा गोल मोती सुमारे पावणेआठ मिलिमीटरचा येईल, दुसऱ्या मापाने जवळजवळ पावणेनऊ मिलिमीटरचा, आणि दोघांच्या किमतीत बराच फरक पडेल. म्हणून वजन ग्रॅममध्ये किंवा कॅरटमध्ये (हे रत्नांच्या वजनाचे माप, सोन्याच्या शुद्धतेचे कॅरट नव्हे) आणि व्यास मिलिमीटरमध्ये विचारावा. शिवाय ग्रहासाठी घालतात तो मोती बहुधा न विंधलेला असतो आणि खालून उघड्या कोंदणात, कातडीला टेकेल असा बसवतात. मोत्याच्या दृष्टीने ही मांडणी कठीण, कारण घाम थेट त्याच्या पोटाला लागतो. आपल्याला दागिना म्हणून अंगठी हवी असेल, तर खालून बंद वाटी असलेला घाट घ्यावा.

चांदी की सोने, याबद्दलही माझे मत स्पष्ट आहे. चांदी काळी पडते, ती उजळायला घरोघरी जे द्राव आणि पावडरी वापरतात त्यांनी मोत्याचे पाणी जाते आणि मोती वाचवून चांदी उजळणे घरी जमत नाही. 22 कॅरटचे सोने आपल्याकडे प्रिय आहे, पण मोत्याखालची काडी त्या मऊ सोन्याची असली की वाकते. 18 कॅरटचे सोने अंगठीला अधिक टिकाऊ, त्यावर 750 हा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा हॉलमार्क क्रमांक असावा. हॉलमार्क फक्त सोन्याची हमी देतो, मोत्याविषयी तो एक शब्दही बोलत नाही. बिलावर सोन्याचे निव्वळ वजन आणि मोत्याचे वजन वेगवेगळे मांडलेले असले पाहिजे. आठ मिलिमीटरच्या मोत्याचे वजन सुमारे पाऊण ग्रॅम भरते. ते सोन्याच्या वजनात मिसळले गेले, तर मोत्यासाठी सोन्याचा भाव आणि वर घडणावळही आपण भरलेली असते. कल्चर्ड मोत्याला मोड, म्हणजे परत विकताना किंमत, जवळजवळ मिळत नाही हेही आधीच जाणून घ्यावे, म्हणजे पुढे वाईट वाटणार नाही. मोत्याभोवती हिऱ्यांची झालर असलेले घाट हल्ली फार दिसतात. एकट्या अंगठीत ते ठीक, पण शेजारच्या बोटात हिऱ्याची अंगठी असेल तर ती मोत्याला कायमची खरडत राहते.

आता तो प्रश्न, ज्याचे उत्तर आपल्याला कदाचित आवडणार नाही. आपल्या मुलीला ही अंगठी रोज, कामावर घालता येणार नाही. मोत्याचा थर चुनखडीच्या जातीच्या अतिसूक्ष्म पत्र्यांचा असतो. एकेक पत्रा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून पातळ, आणि पत्र्यांना बांधून ठेवणारे पदार्थ प्रथिनांचे, त्यात थोडा पाण्याचा अंश. कडप्प्याच्या ओट्यावर लिंबू सांडून तसेच राहिले की दुसऱ्या दिवशी तिथे पांढरट, खरबरीत ठिपका दिसतो, तो आपण पाहिला असेल. कडप्पाही चुनखडीचाच दगड. लिंबू, चिंच, आमसूल, व्हिनेगर आणि घाम मोत्याला हेच करतात, फक्त हळूहळू. सॅनिटायझरमधला अल्कोहोल मोत्यातला ओलावा शोषतो, आणि फिजिओथेरपिस्टला दिवसातून कितीतरी वेळा हात साफ करावे लागतात, वर मसाजची तेले आणि जेल. मोत्याचा कठीणपणा तर नखाहून थोडाच जास्त असतो, साध्या धुळीत असणारे वाळूचे कण त्याच्याहून कितीतरी कठीण असतात.

माझ्याकडे मागच्या पावसाळ्यात एका बाईंनी एक अंगठी आणली. सात वर्षे ती त्यांच्या बोटातून उतरली नव्हती, स्वयंपाकात नाही, आंघोळीत नाही, झोपेतही नाही. लांबून मोती बरा दिसत होता. भिंगाखाली धरला तेव्हा वाटीच्या काठालगत मोत्याला गोलसर खाच पडलेली दिसली, तिथे चमक अजिबात नव्हती, भिंतीच्या चुन्यासारखा कोरडा पांढरा पट्टा होता. अंगठी दिव्याखाली सावकाश फिरवली, तर करंगळीकडच्या बाजूने आतल्या मण्याच्या रेघा एकदा उजळ, एकदा अंधुक अशा लुकलुकत होत्या, म्हणजे तिथला थर जवळजवळ संपला होता. “हे पॉलिश करून द्या,” असे त्या म्हणाल्या. मोत्याला पॉलिश करून गेलेला थर परत आणता येत नाही, हे सांगताना मला फार जड गेले. त्या अंगठीला आम्ही नवा मोती बसवला, आणि तो बसवता आला याचे कारण एवढेच की मोती बाजारात मिळण्यासारखा होता. नथीतल्या मोत्याबद्दल मी सुरुवातीलाच इतके ठामपणे का लिहिले, ते या अंगठीमुळे.

म्हणून मुलीला सांगा की ही संध्याकाळची अंगठी आहे. लग्नकार्याला, नाटकाला, जेवायला बाहेर जाताना, सुटीच्या दिवशी गप्पा मारायला ती घालावी आणि उजव्या हाताने काम करणाऱ्याने डाव्या हातात घालावी. आधी पावडर, क्रीम, अत्तर, केसांचा स्प्रे हे सगळे उरकून, हात कोरडे झाल्यावर शेवटी अंगठी घालायची, आणि घरी आल्यावर सर्वांत आधी ती काढायची. काढताना मोत्याला धरून ओढू नये, सोन्याच्या कडीला धरावे, नाहीतर दरवेळी डिंकावर ताण येतो. बेसिनच्या काठावर काढून ठेवायची सवय तर मुळीच लावू नये. किती मोती त्या नळीतून वाहून गेले असतील याची गणती नाही. हळदीकुंकवाला जाताना अंगठी अवश्य घालावी, पण हळद लावताना बोट जपावे, मोत्यावर हळदीचा पिवळा डाग बसला की तो सहज निघत नाही. रोज अंगावर मोती असावा असे तिला फारच वाटत असेल, तर तिच्यासाठी मोत्याची कुडी अंगठीहून कितीतरी सोयीची. पण तिने अंगठीच मागितली आहे, तेव्हा अंगठीच द्या.

स्वच्छतेला फार काही लागत नाही. अंगठी काढली की मऊ, स्वच्छ, धुऊन धुऊन जुनी झालेल्या मलमलीच्या तुकड्याने मोती हलकेच पुसावा, कापड अगदी किंचित दमट असले तर अधिक चांगले, कारण कोरडी धूळ घासली जात नाही. दोन-तीन महिन्यांतून एकदा कोमट पाण्यात सौम्य साबणाचा एक थेंब मिसळून त्यात कापड बुडवावे, घट्ट पिळावे, मोती पुसावा, मग साध्या ओल्या कापडाने पुन्हा पुसून रात्रभर सावलीत वाळू द्यावा. अंगठी पाण्यात बुडवून ठेवू नये, कारण वाटीच्या फटीतून पाणी आत जाते आणि डिंक सुटतो. काकूंचे रिठे सोन्याच्या पाटल्यांसाठी उत्तम आहेत, पण रिठ्याचे पाणी किंचित आंबट गुणाचे असते, त्यात मोती भिजत घालू नये. टूथपेस्ट, खाण्याचा सोडा, पितांबरी यांपैकी काहीही मोत्याजवळ नेऊ नका. सराफाच्या दुकानात दागिने धुण्याचे जे थरथरणारे यंत्र असते त्यातही ही अंगठी टाकू देऊ नये, आणि ते आपण स्वतः बजावून सांगावे, कारण घाईत दुकानातली मुले सगळे दागिने एकदम टाकतात.

तांदळात ठेवण्यामागची कल्पना मी जाणते. मोती कोंदट हवेत राहू नये आणि घासला जाऊ नये, असा त्यामागचा हेतू असावा. पण साठवणीच्या तांदळाला आपण बोरिक पावडर नाहीतर एरंडेल लावतो आणि कोंड्याची बारीक भुकटीही त्यात असतेच. मोत्याला यातले काहीच नको आहे. मऊ कापडी पिशवीत, इतर दागिन्यांपासून वेगळी अशी अंगठी ठेवावी. प्लास्टिकच्या हवाबंद पिशवीत ठेवू नये, ओलावा शोषणाऱ्या पुड्या आणि डांबराच्या गोळ्या त्या कप्प्यात नसाव्यात. बँकेच्या लॉकरमध्ये वर्षानुवर्षे पडलेला मोती फार कोरडा पडून त्याला बारीक तडे जाऊ शकतात, म्हणून ही अंगठी घरात राहू द्या आणि बोटात राहू द्या.

वर्षातून एकदा मोती दोन बोटांत धरून अगदी हलके फिरवून पाहावे. तो वाटीत फिरला किंवा टकटक हलला, तर डिंक सुटला आहे असे समजावे. अशा वेळी घरात फेविक्विक आहे म्हणून त्याने चिकटवू नये, तो डिंक ठिसूळ होतो आणि पुढे सोनाराला भोक साफ करणे अवघड जाते. अंगठी सैल किंवा घट्ट करायची असेल, तर आधी मोती उतरवून मगच सोन्याला आच द्यावी, आणि हेही अंगठी हातात देतानाच सोनाराला सांगावे.

आता नथीचे. ती अशीच ठेवून द्या असे मी म्हणत नाही, तार खिळखिळी आहे तर ती बदलायलाच हवी, नाहीतर एके दिवशी ती तुटेल आणि मोती घरभर होतील. नथ बांधणारा जुना, हाताचा कसबी माणूस शोधा. सांगली-कोल्हापुरात असे कारागीर अजून आहेत. नवी तार बारीक असावी, मोत्याच्या वेजात ती घट्ट सरकवू नये आणि वेज मोठा तर अजिबात करू देऊ नये. मुलीला नाक टोचायचे नसेल तर नथीला दाबाची चाप लावता येते, हल्ली पुष्कळ मुली तशीच घालतात, आणि ती चाप पुढे हवी तेव्हा काढूनही टाकता येते. नथ देण्याआधी तिचा एका पट्टीशेजारी, उजेडात, दोन्ही बाजूंनी फोटो काढा, लहानमोठे सगळे मोती आणि खडे मोजून कागदावर मांडा, वजन करा आणि त्या कागदावर कारागिराची सही घ्या. शक्य असेल तर तार काढताना आपण तिथे बसून राहा. मोती एखाद्या काळ्या मखमलीवर काढायला सांगा, आणि तो सर्वांत मोठा मोती सुटा होऊन समोर आला की त्याच्या वेजाशी एकदा भिंगातून नीट पाहून घ्या.